आजीला ताप आलाच नाही

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

तायांनो, मावश्यांनो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्या आज्यांनो,

घाबरू नका, आज मी थकलेल्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलायचंय. सुरुवात माझ्याच घरापासून करते.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझी आजी जेवेनाशी झाली. वय 72. ताप नाही, खोकला अगदी थोडा. दिवसभर पडून राहायची. तिसऱ्या दिवशी मला आत्याच्या नावाने हाक मारायला लागली. आम्ही काय म्हणालो? "वय झालं आता." मी समाजकार्य शिकलेली, गावोगाव आरोग्यावर बोलणारी, पण मीसुद्धा हेच म्हणाले. पाचव्या दिवशी ती न्हाणीत पडली, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. छातीचा एक्स-रे काढला. न्यूमोनिया निघाला. अकरा दिवस दवाखान्यात होती. आईने गटातून 25,000 रुपये कर्ज काढलं. आजी वाचली, पण तिची चाल पहिल्यासारखी राहिली नाही. आणि कर्ज आत्ता मागच्या दिवाळीत फिटलं.

मी डॉक्टरांना विचारलं, "एवढा आजार, मग ताप कसा नाही आला?" ते म्हणाले, "या वयात ताप येईलच असं नाही."

ही गोष्ट मला तेव्हा माहीत असायला हवी होती. म्हणून आज तुम्हाला सांगते.

ताप म्हणजे आपलं शरीर जंतूंशी लढतंय याची खूण. शरीरात राखणदार पेशी असतात. त्यातल्या काही पेशी छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या एका ग्रंथीत तयार होतात. तिला थायमस म्हणतात. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यापासून आकसत जाते. साठीपर्यंत तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते. म्हणजे जुने राखणदार असतात, पण नव्यांची भरती जवळजवळ बंद. ओळखीचा चोर आला तर ते ओळखतात. नवा आला, की ओळखायला वेळ लागतो. आरडाओरडाही कमी होतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा आजार गुपचूप येतो. एकाएकी जेवण कमी होणं, बरळणं, झोपून राहणं, तोल जाणं, धाप लागणं, ह्याच त्याच्या खुणा. अशी खूण दिसली तर ताप नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग लस काय करते? चोर यायच्या आधीच राखणदाराला त्याचा फोटो दाखवून ठेवते. आपण म्हणतो, लस बाळांची. पण ज्याचा राखणदार थकलाय, त्याला तर फोटोची जास्त गरज.

चार लशी लक्षात ठेवा.

पहिली फ्लूची. हा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो. तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आधी घेतलेली बरी.

दुसरी न्यूमोनियाची. ती दरवर्षी लागत नाही. 65 च्या पुढच्यांनी आणि शुगर, दमा, हृदयाचा त्रास असेल तर त्याआधीही डॉक्टरांना विचारावं. ही लस न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूपासून वाचवते, सगळ्या जंतूंपासून नाही.

तिसरी नागिणीची. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, की तो विषाणू शरीरातून जात नाही, नसांच्या मुळाशी झोपून राहतो. राखणदार थकला की उठतो, तीच नागीण. नागिणीने कमरेला वेढा पूर्ण केला की माणूस जातो, असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला येते. पण तिची आग पुरळ गेल्यावरही कित्येक महिने राहू शकते. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर जास्त फायदा होतो. म्हणून मंत्र घालून घेण्यात दिवस घालवू नका. हिची लस पन्नाशीनंतर, दोन डोसांत मिळते. पण महाग आहे, हेही सांगते.

चौथी धनुर्वाताची. पूर्वी टीटी म्हणायचे, आता टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. आपल्यातल्या कितीजणींनी ती शेवटची बाळंतपणात घेतली? आता नातवंडं झाली, पण हातात विळा आहेच, पायात काटा मोडतोच, शेणात हात असतोच. ही लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते.

आता पैशाचं. सरकारचा मोफत लसीकरण कार्यक्रम मुख्यतः बाळांचा आणि गरोदर बायांचा आहे. म्हाताऱ्यांसाठीच्या सगळ्या लशी त्यात नाहीत. म्हणून आधी आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, कुठली मोफत मिळते, कधी मिळते. जी विकत घ्यावी लागेल, तिचा खर्च आणि अकरा दिवसांच्या दवाखान्याचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा. हिशेब तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

एक खरं सांगते. लस घेतली म्हणजे आजार येणारच नाही असं नाही. थकलेल्या शरीरात लसही थोडी कमीच लागू पडते. पण आजार आला तरी दवाखान्यात भरती व्हायची, जीव जायची वेळ कमी येते. लस टोचल्यावर एक-दोन दिवस दंड दुखेल, कणकण येईल. टोचायच्या आधी चालू असलेल्या गोळ्या आणि कशाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने आजीपासून लांब बसावं. आणि सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खायची सवय मोडा. डाळ, शेंगदाणे, अंडं म्हातारीच्या ताटातही पडू द्या. राखणदाराला भाकरी नको का?

मागच्या मे महिन्यात मी आजीला फ्लूच्या लशीसाठी न्यायला निघाले, तर म्हणते कशी, "मला कशाला? मी काय तान्हं बाळ आहे? ते पैसे पोरांच्या फीला लाव." तुमच्या घरातली आजीही हेच म्हणेल. कदाचित तुम्हीच म्हणाल. जन्मभर सगळ्यांसाठी बचत केली, स्वतःवर खर्च करायची वेळ आली की हात मागे. मी आजीला एवढंच म्हटलं, "तू परत अकरा दिवस पडलीस तर पोरांच्या फीचं काय?" मग उठली, लुगडं नीट केलं आणि चालायला लागली.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक काम करून यायचं. 60 च्या पुढच्या सदस्यांची आणि सदस्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांची यादी करायची. कुणाला शुगर आहे, कुणाला बीपी, कुणी कुठली लस कधी घेतली, एवढंच लिहायचं. यादी घेऊन आपण मिळून आरोग्य केंद्रात जाऊ. एकटीने विचारलं तर "नंतर या" म्हणतील. वीसजणी गेलो तर बसायला सांगतील.

यादीत पहिलं नाव माझ्या आजीचं लिहून मी सोबत आणलंय. दुसरं कुणाचं लिहू?