बेडी नाही, कोठडी नाही

समजा, मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पंधरा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी उचललंय. रात्र झालीय, आई ठाण्याच्या पायरीवर बसून आहे. त्या माउलीला कुणीतरी सांगायला हवं की तुमच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत हवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावंच लागतं. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक महिला. हा २०१५ चा बाल न्याय कायदा.

ताई, मुलाचं वय दाखवायला घरी जाऊन आधी शाळेचा दाखला शोधा. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. मला वयाचा हा कागद सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण वय अठराच्या आत ठरलं तरच पुढची सगळी दारं उघडतात.

एके काळी अशी मुलं सर्रास तुरुंगात असायची. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मुलांना तुरुंगात ठेवू नका, असं न्यायालयानं १९८६ मध्ये बजावलं.

ताई, मुलासाठी वकील मोफत मिळतो, मागून घ्या. आणि शेजाऱ्यांनो, त्या मुलाचं नाव, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.