झाडीपट्टीचं नाटक आणि आपली दिंडी

आम्ही चौथी शिकलेले. केळापूरच्या मातीत कापूस पिकवतो, जमेल तसं कीर्तन करतो. नाटक म्हटलं की आम्ही नाक मुरडायचो. पण लेक दिली वडसा भागात, धानाच्या मुलखात. तिथं डोळे उघडले.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ही झाडीपट्टी. दंडार, खडीगंमत अशा जुन्या खेळांतून तिथली रंगभूमी वाढली. नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजेच देसाईगंज. 2023 साली तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

दिवाळीनंतर धान निघालं की मंडई, शंकरपट अन् नाटकं. गावचं मंडळ कंपनी ठरवते. पोट्टे मांडव घालतात, तिकिटं विकतात. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, सोयरिकीही तिथंच जुळतात. रातच्याला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते.

हे पाहून आम्हाला आपली दिंडी आठवली. शंभर वर्षं झाली, पण चालणारे बहुतेक पांढऱ्या केसांचे. पोरं येत नाहीत म्हणून आम्हीच कीर्तनात बोल लावला. खरं सांगतो, नातवाचा टाळ चुकला तेव्हा आम्हीच त्याला मागं बसवलं. तो पुन्हा आला नाही.

तिकडे काम पोरांच्या हाती आहे, म्हणून नाटक त्यांचं वाटते. तर माउली हो, यंदा पखवाज पोराच्या गळ्यात घाला. चुकला तर चुकू द्या. पांडुरंग सांभाळून घेईल.

राम कृष्ण हरि!