ध्वनीला अखेरचा हात



या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत ‘ध्वनिमुद्रणाचे मास्टरिंग’ असा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. परंतु आज गाणे शिकणाऱ्या मुलीपासून आळीतल्या भजनी मंडळापर्यंत प्रत्येकाच्या हाती ध्वनिमुद्रणाचे साधन आले आहे आणि घरच्या संगणकावर तो ध्वनी साफसूफ करण्याच्या आज्ञावल्याही आल्या आहेत. एकेकाळी ज्या कामासाठी मोठ्या स्टुडिओत जावे लागे, ते काम आपला भाचा रात्री जेवणानंतर करून टाकतो. ते तो कसे करतो आणि करताना काय राखतो, काय गमावतो, हा आजचा विषय आहे.

प्रथम मास्टरिंग म्हणजे काय ते पाहू. ध्वनिमुद्रणाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, आवाज टिपणे. दुसरी, निरनिराळे टिपलेले आवाज, म्हणजे गळा, तबला, पेटी, तानपुरा, यांचे प्रमाण ठरवून त्यांचे एक मिश्रण करणे. आणि तिसरी, त्या तयार मिश्रणावर अखेरचा हात फिरवून ते श्रोत्याच्या घरी जाण्याजोगे करणे. ही तिसरी पायरी म्हणजे मास्टरिंग. छापखान्यात शेवटचे मुद्रित तपासणारा गृहस्थ असतो, तसे हे काम. त्याने चुकलेली वेलांटी सुधारावी, ओळी सारख्या कराव्यात. लेखकाचे वाक्य बदलू नये.

हा धंदा जन्मला तो अडचणीतून. 1902 साली कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले, तेव्हा सारा राग तीन मिनिटांच्या आसपास बसवावा लागे. पुढे 1948 साली दीर्घ वादनाची तबकडी आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. पण मेणासारख्या मऊ थरावर खोबणी कोरणाऱ्या सुईच्या मर्यादा राहिल्याच. खर्जाचा सूर मोठा झाला की खोबणी रुंद होते, शेजारच्या खोबणीत घुसते आणि जागाही अधिक खाते. म्हणून कोरताना खर्ज कमी करावयाचा व तीव्र ध्वनी वाढवावयाचे, आणि ऐकताना यंत्राने बरोबर त्याच्या उलट करावयाचे, असा संकेत ठरला. 1954 साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघाने त्याचे प्रमाण निश्चित केले. कोरणाऱ्या माणसास कान आणि हात दोन्ही लागत, आणि मुख्य म्हणजे मर्यादेची जाणीव लागे. त्याने हाव धरली तर सुई उडे.

आता संगणकाकडे येऊ. ऑडॅसिटीसारखी आज्ञावली 2000 सालापासून कोणासही फुकट मिळते. विकत मिळणाऱ्या तर कितीतरी आहेत. नावे निराळी असली तरी आतील हत्यारे तीन-चारच. पहिले हत्यार स्वरपट्ट्यांचे प्रमाण बदलणारे, ज्यास इक्वलायझर म्हणतात. आवाज घुमत असेल तर खालचा भाग थोडा उतरवावा, बोजड वाटत असेल तर वरचा थोडा उघडावा. दुसरे हत्यार कॉम्प्रेसर. ठरवलेल्या मर्यादेवर आवाज गेला की तो त्यास दाबतो, म्हणजे मोठे आणि लहान यांतील अंतर कमी होते. तिसरे लिमिटर. तो म्हणजे दारातील उंबऱ्याच्या वरची चौकट. तिच्यावर डोके जाऊच द्यावयाचे नाही. आणि शेवटी, चोवीस बिटांत घेतलेला ध्वनी कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सोळा बिटांत आणावयाचा. दर बिटामागे सुमारे सहा डेसिबल धरले, तर सोळा बिटांत शहाण्णव डेसिबलांचा पल्ला मिळतो. अगदी सूक्ष्म कुजबुजीपासून पूर्ण आरोळीपर्यंत सारे मावेल एवढे मोठे हे घर आहे.

आणि इथेच मौज अशी की, घर मोठे मिळाले तेव्हाच माणसांनी सगळे सामान माळ्यावर नेऊन कोंबण्यास सुरुवात केली! कॉम्पॅक्ट डिस्क 1982 साली बाजारात आली. 1994 साली वेव्हज या कंपनीचा एल-वन नावाचा लिमिटर आला. तो आवाजाचे शिखर येण्यापूर्वीच ते पाहून ठेवतो आणि अलगद छाटतो. शिखरे छाटली की सगळाच आवाज वर उचलता येतो. मग एकाचे गाणे मोठे म्हणून दुसऱ्याचे त्याहून मोठे, असा वाजण्याचा लढा सुरू झाला. 2008 साली मेटॅलिका या वाद्यवृंदाची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही डिस्क निघाली, तेव्हा आवाज इतका दाबलेला आणि चिरलेला होता की, हजारो श्रोत्यांनी ती पुन्हा नीट करून द्यावी असा अर्ज केला. तीच गाणी एका संगणकखेळात कमी दाबलेल्या रूपात मिळत होती, आणि चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली होती.

माणसे या मोहात का पडतात? त्याचे कारण आपल्या कानातच आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 साली दाखवून दिले की, आवाज लहान असताना कानास खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढला की तो भरून येतो. म्हणून एकच तुकडा दोनदा वाजवा, दुसऱ्या वेळी एक-दोन डेसिबलने चढवा, आणि विचारा की चांगला कोणता. बहुतेक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतील. ते खोटे बोलत नाहीत. कानच त्यांना फसवतो. घरी बसून मास्टरिंग करणारा प्रत्येक जण रोज असाच फसतो. त्याने एक कळ फिरवली, आवाज किंचित वाढला, त्यास वाटले की सुधारला. त्याने दुसरी फिरवली. असे करीत तो जेथे पोहोचतो, तेथे गाण्यात श्वास घेण्यास जागा उरत नाही.

आपल्या ख्यालगायनास तर ही गोष्ट फारच जाचक आहे. विलंबित लयीत गायक हळुवार षड्ज लावतो, सुरावर टेकतो, मग बढत करीत तारसप्तकात जातो आणि शेवटी तानांचा जोर येतो. हे जे चढणे, तीच रागाची कथा. कॉम्प्रेसरने षड्ज वर ओढला आणि तान खाली दाबली, म्हणजे पहिल्याच मिनिटाला दोघे एका उंचीवर आले. मग अर्ध्या तासाने चढावयाचे कोठे?

सुदैवाने या लढ्यास आता अर्थ उरलेला नाही. आवाज कानास किती मोठा वाटतो हे मोजण्याचे एक आंतरराष्ट्रीय माप 2006 साली ठरले, आणि 2010 साली युरोपच्या नभोवाणी-संघाने त्या मापाने उणे 23 ही पातळी कार्यक्रमांसाठी घालून दिली. या एककास एलयूएफएस म्हणतात. स्पॉटिफायसारखी सेवा सर्वसाधारणपणे उणे 14 वर सगळी गाणी आणून ठेवते; यूट्यूबही फार मोठी गाणी खाली उतरवते. म्हणजे आपण छाती फोडून जे मोठे केले, ते तेथे पुन्हा लहान केले जाते. छाटलेली शिखरे मात्र परत मिळत नाहीत.

येथवर मोठेपणाचा मोह सांगितला. आता स्वच्छतेचा मोह सांगावयाचा आहे, आणि तो आम्ही स्वतः भोगला असल्यामुळे स्वतःचाच अपराध सांगणे भाग आहे.

ओळखीच्या एका वृद्ध बाईंनी आम्हांकडे एक जुनी कॅसेट आणून दिली. तीत त्यांच्या आईने पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या होत्या. फितीची खरखर फार होती. आम्ही ती संगणकात उतरवून घेतली आणि खरखर काढण्याचे हत्यार चालवले. हे हत्यार कसे काम करते? त्यास नुसत्या खरखरीचा छोटा नमुना दाखवावा लागतो. तो नमुना तपासून ते प्रत्येक स्वरपट्टीत खरखर किती आहे ते मोजते, आणि मग सबंध मुद्रणात त्या मापाखाली जे असेल ते बसवून टाकते. आम्ही आवाज सुरू होण्यापूर्वीचे चार सेकंद नमुना म्हणून दिले. फळ उत्तम आले. आवाज लख्ख झाला. आम्ही समाधानाने बाईंना बोलावून ऐकवले.

त्यांनी डोळे मिटून दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आवाज आईचाच आहे. पण जातं कुठं गेलं?”

आम्ही परत ऐकले. त्या चार सेकंदांत खरखरीबरोबर जात्याची घरघरही होती. बाईंच्या आईने आधी जाते ओढले होते आणि मग ओवी धरली होती, जशी धरावयाची तशीच. जाते सारखे, एकसुरी चालणारे. त्यामुळे यंत्राने त्यास खरखर समजून पुसून टाकले. दोष यंत्राचा नव्हे. आम्हीच जात्याकडे बोट दाखवून ‘हा केर’ असे सांगितले होते. ज्या ठेक्यावर ओवी उभी होती, तो ठेकाच आम्ही झाडून बाहेर टाकला होता.

पहिली उतरवलेली प्रत आम्ही हात न लावता जपून ठेवली होती, म्हणून निभावले. फितीच्या अगदी आरंभी, जाते सुरू होण्यापूर्वी, कोऱ्या फितीचा सेकंदभर तुकडा होता. नमुना तेथून घेतला, आणि खरखर पूर्ण न काढता निम्मी काढली. जाते परत आले. थोडी खरखर राहिली. तिच्याविषयी बाईंनी एक शब्दही काढला नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. घरोघरी कपाटांत पडलेल्या अशा किती फितींतील जाती आमच्यासारखे हौशी लोक पुसून टाकत असतील, या विचाराने आम्हांस आजही चैन पडत नाही.

जात्याची गोष्ट तीच तानपुऱ्याची. तानपुरा सतत, एकसारखा, मागे झंकारत असतो. खरखर काढणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तो आणि पंखा एका जातीचे. शिवाय आपल्याकडील विजेची कंपने सेकंदास पन्नास. तिची घोंघों पन्नास, शंभर, दीडशे अशा पटींत मुद्रणात शिरते. ती काढण्यासाठी शंभराच्या आसपास रुंद खाच पाडली, तर काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे एकशेचार कंपनांवर असतो, तोही त्या खाचेत पडतो. गाणे स्वच्छ होते आणि त्याखालची जमीन नाहीशी होते. म्हणून खाच अरुंद ठेवावी, आणि ती पाडण्यापूर्वी गायिकेची पट्टी विचारावी.

आता घरी काम करणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मूळ प्रतीस कधीही हात लावू नये. नकलेवर काम करावे आणि मूळ दोन ठिकाणी ठेवावे. मुद्रण करताना पंखा बंद करावा, भिंतीवर जाड गोधडी टांगावी, आणि शिखरे मर्यादेच्या सहा ते बारा डेसिबल खालीच राहू द्यावीत; टिपतानाच आवाज फाटला तर अखेरचा हात त्यास पुरतेपणी शिवू शकत नाही. आधीचे आणि नंतरचे ताडून पाहताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी, नाही तर कान फसतो. शेवटी शिखराखाली एक डेसिबल मोकळे सोडावे. रात्री केलेले काम सकाळी, ताज्या कानाने, आणि एकदा साध्या मोबाइलवर ऐकावे. आणि ज्याचे गाणे असेल त्यास ऐकवल्याखेरीज काम पुरे झाले असे म्हणू नये.

कोणी म्हणेल, आता तर माणसाचीही गरज नाही. 2014 साली लँडर नावाची सेवा निघाली, तेव्हापासून गाणे पाठवावे आणि यंत्राने ते तयार करून परत द्यावे, अशी सोय झाली आहे. आम्ही तिला नावे ठेवीत नाही. ज्यास दुसरा मार्ग नाही त्याचे काम तीवर पुष्कळ चांगले होते. पण असे यंत्र पुष्कळ गाण्यांवरून हे गाणे कसे असावे याचा अंदाज बांधते. बाईंच्या आईने जाते आधी ओढले की ओवी आधी म्हटली, हे त्याने कोणास विचारावे? ते त्या बाईंना ठाऊक होते. संगणक आमचा होता, पण त्या कामाचे खरे मास्टरिंग त्यांच्या एका प्रश्नाने झाले.

म्हणून आपल्या घरी अशी एखादी फीत असेल, तर ती जरूर संगणकात उतरवून घ्या. फिती फार दिवस टिकत नाहीत. साफ करण्याची घाई मात्र करू नका. ज्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकला आहे, अशी माणसे अजून घरात आहेत. आधी त्यांना शेजारी बसवा, काय राखावयाचे ते विचारून घ्या, आणि मगच कळेला हात घाला.