खेडची लढाई

मार्च १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि त्याच्या छावणीत १६८९ पासून कैदेत असलेले संभाजीपुत्र शाहूराजे सुटले. इकडे मोगलांशी सात वर्षं झुंजलेल्या ताराराणींनी आपला मुलगा दुसरा शिवाजी याला आधीच गादीवर बसवलं होतं. येणारा शाहू तोतया आहे, अशी हाकाटी त्यांनी पिटली आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली.

ऑक्टोबरमध्ये भीमाकाठच्या खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, दोन्ही फौजा भिडल्या. पण निकाल तलवारीनं लागलाच नाही. शाहूराजे अस्सल आहेत, अशी ताराराणींचे सेनापती धनाजी जाधव यांची खात्री पटली होती. त्यांना वळवण्यात बाळाजी विश्वनाथ भटांचा मोठा वाटा होता. धनाजी शाहूंना मिळाले आणि एकाकी पडलेल्या परशुरामपंत प्रतिनिधींना माघार घ्यावी लागली.

जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. बाळाजी पुढं १७१३ मध्ये पेशवे झाले. भाऊबंदकी मात्र मिटली नाही. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द ठरली ती १७३१ च्या वारणेच्या तहात.