आवाज आपला, मालकी कुणाची?

(महिला मंडळांच्या प्रतिनिधींसाठी झालेल्या अभ्यासवर्गातील भाषण)



मारहाण, पोटगी, रेशन असे विषय सोडून आज ‘रेकॉर्ड कंपनी कशी चालते’ हे कशाला, असं काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण आमच्या कामाच्या गावात हा प्रश्न थेट ओसरीवर येऊन बसला, म्हणून मी तो शिकून घेतला. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात हे कुणी शिकवत नाही. एका ध्वनिमुद्रकाकडे दोन दुपारी बसले, एका वकील मैत्रिणीचं डोकं खाल्लं, आणि कायदा स्वतः वाचला.

झालं असं. आमच्या एका गटातल्या नऊ बायका जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी फार छान म्हणतात. एका कंपनीचा माणूस आला. बारा गाणी, दोन दिवस मुद्रण, एकरकमी २५,००० रुपये. वाटणी केली तर प्रत्येकीला २,७७७ रुपये. दोन दिवसांची मजुरी बुडवूनही बरे पैसे, म्हणून बायका खूश होत्या. तो बोलला मात्र पेटी वाजवणाऱ्या भाऊंशी आणि एका ताईंच्या यजमानांशी. पैसेही भाऊंच्या खात्यावर जायचे होते. करारनामा इंग्रजीत, सह्या आठ दिवसांत हव्यात. बारांपैकी एक गाणं पारंपरिक नाही. ते एका काकूंनी दारूबंदीच्या वेळी स्वतः रचलंय.

आता कंपनी कशी चालते ते बघू. एका गाण्यात एक वस्तू नसते, तीन असतात. शब्द आणि चाल ही पहिली. ती रचणाऱ्याची. गाणारीचं गाणं, म्हणजे तिचं सादरीकरण, ही दुसरी. आणि त्या सादरीकरणाचं जे मुद्रण होतं, ज्याला ते लोक ‘मास्टर’ म्हणतात, ती तिसरी. कायद्याने मुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, जो पैसे घालून मुद्रण करवून घेतो तो. गाणारी नव्हे. हे एकदा कळलं की बाकीचं सगळं उलगडतं. कंपनीचा खरा धंदा गाणी विकण्याचा नाहीच, मास्टर साठवण्याचा आहे. प्रकाशित झाल्यापासून साठ वर्षं ते तिचं. त्या काळात ते कॅसेटवर विकलं, सीडीवर विकलं, आता मोबाइलवर ऐकवलं जातं. कुणाला सिनेमात, जाहिरातीत, मालिकेत, फोनच्या कॉलर ट्यूनला हवं असेल तर परवाना घ्यावा लागतो. एकेका वेळी रक्कम छोटी, पण कोठारात हजारो गाणी असली की त्याचीच गंगा होते. बहुतेक गाणी खर्चही भरून काढत नाहीत, चार चालतात आणि बाकीच्यांना पोसतात. म्हणून कंपनी म्हणते, धोका आमचा, स्टुडिओ आमचा, मग मालकी आमची. या बोलण्यात तथ्य आहे, ते नाकारू नका. पण धोका कंपनीचा म्हणून गाणारीचं कायमचं सगळं तिचं, हे कुठून आलं?

ही रीत नवी नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यातल्या हॉटेलातल्या खोलीत मुद्रण केलं. सुरुवातीचे आवाज शशिमुखी आणि फणिबाला या नाटक कंपनीतल्या दोन तरुण मुलींचे. मग गौहर जान. गाणं तीन मिनिटांत आटपून ती शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या माणसांना कुणाचा आवाज हे कळायला हवं होतं. ज्यांना ‘चांगल्या घरच्या’ म्हणत नसत, त्या बायकांच्या आवाजावर या देशातला हा धंदा उभा राहिला. आवाज बाईचा, साचा कंपनीचा. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकालाही रॉयल्टी हवी म्हणून भूमिका घेतली. मोहम्मद रफींना ती पटली नाही आणि काही काळ दोघं एकत्र गायले नाहीत. इतक्या मोठ्या गायिकेलाही भांडावं लागलं, तर आपलं काय, असं म्हणून गप्प बसू नका. कायदा पुढे बदललाय.

१९९४ साली १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क आला. २०१२ मध्ये आणखी मोठी दुरुस्ती झाली. शब्द-चाल रचणाऱ्याचा रॉयल्टीचा समान वाटा कंपनी करारातून काढून घेऊ शकत नाही. लिहून दिला तरी तो जात नाही. म्हणजे काकूंनी उद्या सही केली तरी दारूबंदीच्या गाण्याचा वाटा त्यांचाच. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, “सही केली तरी?” हो, तरी. व्यापारी वापर झाला तर गाणारीलाही रॉयल्टी आहे. आणि गाणारी म्हणून आपलं नाव लागावं, हाही तिचा हक्क आहे. ‘महिला मंडळ आणि पार्टी’ हे नाव नव्हे! नऊ जणी असतील तर नऊ नावं.

हस्तांतर लेखी हवं आणि ज्याचा हक्क त्याची सही हवी. यजमानांची चालत नाही, भाऊंचीही नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर आमच्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ हे दोन शब्द न विसरता घातले होते. ‘आज असलेली व पुढे निघणारी सर्व माध्यमे’ असंही होतं. त्यातलं पुढचं माध्यम, नाव घेऊन लिहिल्याशिवाय, कायद्याने लागू होत नाही.

आता ओव्यांचं. ओवी कुणा एकीची नाही, म्हणून तिच्यावर कंपनीची मालकीही होत नाही. कुणीही गावी, कुणीही मुद्रित करावी. पण आमच्या करारात एक कलम होतं, की गायिका ही गाणी दुसरीकडे कुठेही मुद्रित करणार नाहीत. म्हणजे आजीकडून आलेली ओवी उद्या आपल्या शिबिरात मोबाइलवर टिपायची तरी परवानगी मागायची. शिवाय यूट्यूबवर आवाज जुळवणारी यंत्रणा असते. कंपनीचं मुद्रण आपल्या मेळाव्यात मागे वाजलं आणि तो व्हिडिओ आपण चढवला, तर त्यावर कंपनीचा दावा लागू शकतो. आपलाच आवाज, आपलाच मेळावा.

दुसरी रीतही आपल्याकडे आहे, हे सांगायला हवं. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं. हे काम नफ्याचं नव्हतं हे खरं. पण नाव लिहायला पैसे पडत नाहीत.

आमच्या बायका चार संध्याकाळी बसल्या. करार मराठीत वाचून घेतला. पहिल्या दिवशी तिघींचं म्हणणं होतं की फार ताणलं तर तो माणूस दुसऱ्या गावी जाईल. ती भीती खोटी नाही, आजूबाजूला गाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही शेजारच्या दोन गावांतल्या गटांनाही बोलावलं आणि तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला. मग ठरलं ते असं: मुदत पाच वर्षं, ‘दुसरीकडे गाणार नाही’ हे कलम बाद, नऊ नावं, नऊ सह्या, पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यावर, काकूंच्या गाण्याचा वेगळा कागद, आणि वर्षातून एकदा कमाईचा लेखी हिशेब. भाऊंना पेटीचं मानधन वेगळं. ते थोडे रुसले, पण आले.

कंपनीला पत्र गेलंय. त्या माणसाचा एकदा फोन आला, “तुम्ही बायकांना कुणी शिकवलं हे?” असं विचारलं आणि ठेवून दिला. बायकांनी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत थांबायचं ठरवलंय. नाही उत्तर आलं तर त्या ध्वनिमुद्रकाच्या खोलीत स्वतःच मुद्रण करायचं. त्याने दिवसाचं भाडं सांगितलंय, वर्गणी काढून ते जमेल असं दिसतंय. मराठी मसुद्याच्या चाळीस प्रती मी आणल्यात. जेवणाच्या सुट्टीत न्या, आणि तुमच्या गावात असा कुणी माणूस येऊन गेला असेल तर जाण्याआधी मला गाठा.