प्रसंग हातचा जाण्यापूर्वीं



चित्रीकरणांतील दोष बहुधा घरीं परतल्यावर उघड होतो. तोंपर्यंत प्रसंग निघून गेलेला असतो. मंगलाष्टकें पुन्हां म्हणवितां येत नाहींत, कीं वृद्ध गायकाची मैफल पुन्हां भरवितां येत नाहीं. कॅमेऱ्याचा इवला पडदा उन्हांत फसवितो, आणि डोळाही मिळेल त्या उजेडाला सरावतो.

म्हणून साक्षीदार निराळा हवा. ‘सीरियस मॅजिक’ या संस्थेच्या ‘डीव्ही रॅक’ सॉफ्टवेअरनें हें काम लॅपटॉपवर सोपविलें. २००६ सालीं अडोबीनें ती संस्था घेतली, आणि पुढें त्याचेंच नांव ‘ऑनलोकेशन’ झालें. फायरवायरची एक तार जोडली, कीं चित्राशेजारीं प्रकाशाचा आलेख उमटे. पांढऱ्या पागोट्याची रेघ माथ्यावर सपाट झाली, कीं त्याच्या घड्या कायमच्या गेल्या असें समजावें, व भिंगाचें छिद्र लहान करावें. त्याच वेळीं चित्र डिस्कवरही उतरे. एका तासाला सुमारें १३ गिगाबाइट जागा लागे.

आज ती तार व तें सॉफ्टवेअर मागें पडलें आहे. एचडीएमआयची तार, कॅप्चर-उपकरण व २०१२ सालीं प्रथम निघालेलें विनामूल्य ‘ओबीएस’ यांनीं पाहणें व नोंदणें हीं दोन्ही कामें साधतात. मात्र लॅपटॉपला विजेची जोड द्यावी, डिस्कवरील मोकळी जागा आधीं मोजावी, आणि कॅमेऱ्यांतील कार्डावरचें चित्रण बंद ठेवूं नये. लॅपटॉप मध्येंच थांबला, तरी प्रसंग थांबत नाहीं. तेव्हां ती दुसरी प्रतच हातीं उरते.