पवईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’



मोबाइलवर रस्ता पाहत आपण कुंभकोणमची देवळं शोधतो.
ती वाट दाखवणारे संकेत उपग्रहांकडून येतात.
येताना ते आयनांबर ओलांडतात.

आयनांबर म्हणजे उंचावरचा,
सूर्यामुळे विद्युतभारित झालेला हवेचा थर.

सूर्य खवळला, की तिथले इलेक्ट्रॉन कमीजास्त होतात.
संकेत रेंगाळतात. ठिकाण चुकतं.
कुंभकोणमचं तमिळनाडू चुंबकीय विषुववृत्ताजवळ,
म्हणून तिथे हा थर फारच चंचल.

हेच इलेक्ट्रॉन मोजायला
पवईच्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ हा उपग्रह घडवला.
वजन जेमतेम 10 किलो,
दोन हातांत उचलावा एवढा!
26 सप्टेंबर 2016 रोजी
तो श्रीहरिकोट्याहून झेपावला.

पुन्हा सांगते,
मोजायचे होते आयनांबरातले इलेक्ट्रॉन.

कॉलेजातल्या मुलामुलींनो,
असा उपग्रह तुम्हीही घडवा.